सेशन सापडलं नाही

अण्णासाहेब मगदूमांचा आवाज जयसिंगपुरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी एकतीस वर्षं गाड्या पुकारल्या. निवृत्तीच्या वेळी त्यांच्या घोषणांचं रेकॉर्डिंग करून ठेवलं गेलं, आणि माणूस घरी बसला तरी पुढं कितीतरी वर्षं त्यांचाच आवाज कुरुंदवाडची गाडी फलाटाला लावत होता. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना मेंदूचा झटका आला. मानेखालचं शरीर गेलं आणि बोलणंही गेलं. ऐकू येत होतं, कळत होतं, डोळे हलत होते. बाकी काही नाही.

मुलगा कॅनडात. तो आठ दिवस येऊन, रडून, परत गेला. मग मुलगी आली. पद्मजा वडोदऱ्याहून निघाली तेव्हा दोन महिन्यांचे कपडे घेऊन आली होती.

बापलेकीत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. पत्रिका वाटून झाल्यावर, लग्नाला आठ दिवस उरले असताना, पद्मजानं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि आपल्या ऑफिसातल्या भार्गव नावाच्या गुजराती मुलाशी रजिस्टर लग्न केलं होतं. अण्णांनी घरोघर जाऊन वाटलेल्या पत्रिकांबद्दल घरोघर जाऊन माफी मागितली. त्यानंतर त्यांनी मुलीचं नाव घेतलं नाही. आई गेली तेव्हा पद्मजा आली होती. अण्णा तिच्या शेजारून दोनदा गेले, पण बघितलं नाही. आता तेच अण्णा खाटेवर होते आणि त्यांचं तोंड पुसण्यापासून कूस बदलण्यापर्यंत सगळं तिला करावं लागत होतं. नको म्हणायचीही त्यांना सोय नव्हती.

ती सोय वाचापट्टीनं केली.

मिरजेच्या एका संस्थेनं हे यंत्र तयार केलं होतं. अशा रुग्णाचा मेंदू जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सोडतच असतो. वाटेतली तार तुटलेली असते म्हणून ते पोचत नाहीत, एवढंच. कवटीच्या आत कागदाहून पातळ जाळी बसवायची, ती हे हुकूम टिपते, कपाळावरची पट्टी ते इंटरनेटवरून संस्थेच्या सर्व्हरला पाठवते. सर्व्हर हुकमांचे शब्द करतो आणि शब्द घरी ठेवलेल्या स्पीकरच्या डबीकडं परत येतात. डबीत त्या माणसाचा जुना आवाज भरलेला असतो. अण्णांच्या बाबतीत रेकॉर्डिंगची वानवा नव्हतीच.

अडचण एकच होती. मेंदूतल्या खुणा रोज थोड्या सरकतात. म्हणून रोज सकाळी दहा मिनिटं जुळणी करावी लागे. घरच्या माणसानं वीस ठरलेली वाक्यं मोठ्यानं वाचायची, रुग्णानं ती मनात म्हणायची. त्या जुळणीवर दिवसभर काम चाले. जुळणी गेली की माणूस मुका.

आणि ती सारखी जाई. वाक्याच्या मध्येच डबी गप्प व्हायची आणि तिच्या पडद्यावर अक्षरं यायची: सेशन सापडलं नाही. पुन्हा लॉगिन करा. मग पुन्हा ती वीस वाक्यं. 'आज हवा बरी आहे. मला थोडं पाणी द्या.' पद्मजाला ती झोपेतसुद्धा पाठ झाली.

अण्णा यंत्रातून बोलायचे ते तेवढ्यापुरतं. पाणी. पंखा. उशी. पाठ. लहानपणी ते तिला पद्मा म्हणायचे. आता नावाशिवाय भागत होतं.

ऑक्टोबरच्या चौदा तारखेला दुपारी चारच्या सुमाराला ती वाळलेले कपडे घडी घालत बसली होती. चार दिवसांनी ती जाणार होती. दिवसरात्र राहणारी एक बाई मिळाली होती, वडोदऱ्याचं तिकीट काढलेलं होतं. सकाळीच तिनं ते अण्णांना सांगितलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दुपारी नेहमीसारखं सेशन गेलं, तिनं पुन्हा जुळणी केली आणि कपड्यांकडं वळली. कपडे संपत आले तेव्हा डबी बोलली.

"पोरी, चुकलं माझं. तुझ्याशी मी फार वाईट वागलो."

तोच खर्जातला आवाज. पद्मजाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. ती उठून खाटेपाशी गेली. अण्णांचे डोळे मोठे झाले होते, तिच्याकडंच बघत होते. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, त्यांना तिचा हात धरता येत नव्हता तरी. ती काही बोलेपर्यंत डबीवर पुन्हा ती अक्षरं आली. सेशन सापडलं नाही. अर्धा तास तिला जुळणी करायचं सुचलंच नाही. ती नुसती रडत बसली. मग तोंड धुऊन तिनं वीस वाक्यं वाचली. त्यानंतरचा अण्णांचा पहिला शब्द होता, "चहा."

'पोरी' हा शब्द तिला खटकला नव्हता असं नाही. अण्णांनी तिला कधी पोरी म्हटलेलं नव्हतं. पण आजारानं माणूस मऊ होतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिकीट रद्द केलं. येणाऱ्या बाईला नको म्हणून कळवलं.

"बरं झालं," भार्गव फोनवर म्हणाला. अकरा वर्षांत तो चांगलं मराठी शिकला होता. "पण किती दिवस?"

"बघू," ती म्हणाली.

ते 'बघू' मार्चपर्यंत लांबलं. भार्गवचे फोन आधी रोज यायचे, मग एक दिवसाआड, मग रविवारी. त्याचं काही चुकत नव्हतं. बोलायला उरलंच नव्हतं काही. पद्मजा मात्र पूर्वीपेक्षा बरी होती. अण्णांची पाठ पुसताना, नळी धुताना ती दोन वाक्यं तिच्या सोबतीला असायची.

ती वेबसाइट सांभाळण्याची कामं घरून करायची. मार्चमध्ये मिरजेच्या संस्थेच्या डॉ. सुनेत्रा प्रभुदेसाईंचा फोन आला.

"तू तक्रारी करून करून आमच्या मुलांना दमवलंस," त्या हसून म्हणाल्या. "आता तूच बघ ना काय ते. लॉगिनचा घोळ काही सुटत नाही. एकशेदहा पेशंट आहेत, सगळ्यांची तीच रड."

सर्व्हरमध्ये शिरल्यावर दुखणं कळायला पद्मजाला दीड तास लागला. परदेशी मदत थांबल्यावर संस्थेनं स्वतःचा सर्व्हर सोडून शेअर्ड होस्टिंग घेतलं होतं. म्हणजे एका सर्व्हरवर साडेतीनशे वेबसाइट भाडेकरूंसारख्या राहत होत्या. साडीचं दुकान, मंगल कार्यालय, परीक्षांचे क्लास, आणि त्यांच्यात एकशेदहा माणसांची वाचा.

लॉगिन झालं की सर्व्हर यंत्राला एक क्रमांक देतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो तसा. यंत्र प्रत्येक वेळी तो बिल्ला दाखवतं आणि सर्व्हर ओळखतो की हा कोण आणि सकाळची जुळणी कोणती. हेच सेशन. या सर्व्हरवर साडेतीनशे वेबसाइटचे बिल्ले एकाच फोल्डरमध्ये पडत होते. शेजारच्या क्लासच्या वेबसाइटचा नियम असा, की चोवीस मिनिटांपेक्षा जुने बिल्ले झाडून टाकायचे. तिथं विद्यार्थी आले की अधूनमधून झाडू फिरायचा, आणि झाडूला आपले-परके कळत नव्हते. गडहिंग्लजचा कुणी म्हातारा पाणी मागता मागता मुका व्हायचा, कारण कुठंतरी कुणी सराव परीक्षा उघडली होती.

यावरचा उपाय दोन ओळींचा होता. संस्थेचे बिल्ले वेगळ्या, स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवायचे. पद्मजानं त्या दोन ओळी लिहिल्या. मग सवयीनं तिनं मागच्या नोंदी चाळल्या, आणखी काही चुकतंय का ते बघायला. तेव्हा तिला दुसरी चूक दिसली.

वेग वाढावा म्हणून होस्टिंगवाल्यांनी सर्व्हरच्या दारात एक साठवण ठेवली होती. दोघांनी एका क्षणी एकच गोष्ट मागितली, तर आत न जाता पहिल्याचंच उत्तर दुसऱ्याला द्यायचं. साडीच्या फोटोंना ते ठीक होतं. पण दोन रुग्णांची यंत्रं एका सेकंदाला नव्यानं लॉगिन झाली, तर दोघांच्या हातात एकच बिल्ला पडायचा. मग जुळण्या आपापल्या राहायच्या, पण दोघांचे शब्द एकाच जागी जमायचे आणि ज्याचं यंत्र आधी मागेल त्याला आधीचे शब्द मिळायचे. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या आवाजात.

वर्षभरात हे सात वेळा झालं होतं. तिनं ओळी बघितल्या. पाणी, पाणी. पंखा बंद. कुणाला न मागता पाणी मिळालं असेल, इतकंच. पाचव्या वेळेला तारीख होती चौदा ऑक्टोबर, लॉगिन तीन वाजून चोपन्न मिनिटांनी. यंत्र सतरा आणि यंत्र एकतीस. सतरा म्हणजे अण्णा.

चार एकोणीसला आत आलेला संदेश, यंत्र एकतीसकडून: पोरी, चुकलं माझं. तुझ्याशी मी फार वाईट वागलो. बाहेर गेला, यंत्र सतराकडं.

आत आलेला संदेश, यंत्र सतराकडून: तू तुझ्या घरी जा. इथं थांबू नकोस. बाहेर गेला, यंत्र एकतीसकडं.

पद्मजानं त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. आतल्या खोलीतून डबीचा आवाज आला, "पाठ." ती उठली, अण्णांना कुशीवर केलं, पाठीला पावडर लावली आणि परत येऊन बसली.

त्या ओळींच्या खाली चार वीसला झाडू फिरल्याची नोंद होती. बिल्ला गेला, दोन्ही यंत्रं मुकी झाली. त्यानंतर मात्र यंत्र एकतीसकडून संदेश येतच राहिले होते. सर्व्हरनं प्रत्येकाला एकच उत्तर दिलं होतं. सेशन सापडलं नाही. सेशन सापडलं नाही. अकरा मिनिटांत सेहेचाळीस वेळा. सर्व्हरनं त्यांचे शब्द केले नव्हते, पण मेंदूकडून आलेल्या कच्च्या खुणा नोंदीत पडून होत्या. त्या माणसाची त्या दिवसाची जुळणीही साठ्यात होती. पद्मजानं दोन्ही एकत्र चालवलं. पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली.

मी नाही. ते मी नाही बोललो. तिला थांबवा. मी नाही. बॅग ठेव. पोरी. मी नाही बोललो. कुणीतरी लावा हे. पोरी.

सेहेचाळीसपैकी बऱ्याचशा ओळींत एकच शब्द होता.

मग तिनं त्याच अकरा मिनिटांत यंत्र सतराकडून काय आलं ते शोधलं. ती खाटेशी बसून रडत होती ती हीच वेळ. पट्टी कपाळावर होती, चालू होती. सतराकडून एकही संदेश आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रभुदेसाईंना सगळं सांगितलं. एकतीस नंबर म्हणजे गडहिंग्लजचे शिवलिंग हत्तरकी. त्यांच्या नावापुढं 'निधन, २६ नोव्हेंबर' असं लिहिलेलं होतं.

"दोन्ही दुरुस्त्या झाल्या ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाल्या. आता सेशन जाणार नाही आणि मिसळणारही नाही."

"मग जुन्या नोंदी काढून टाक. कुणाचं खासगी बोलणं एवढे दिवस ठेवायला नकोच होतं आपण."

"हत्तरकींच्या मुलीला सांगायला पाहिजे, मॅडम."

"काय सांगणार? माणूस गेला. आता तिला कळून तिचं काय भलं होणार आहे? पद्मजा, उद्या ही बातमी झाली तर यंत्रावर कुणाचा विश्वास राहील? एकशेदहा माणसं पुन्हा मुकी होतील. तुझे वडीलसुद्धा."

त्या बोलत होत्या ते खोटं नव्हतं. पद्मजानं नोंदी पुसल्या, पण त्याआधी एक पान छापून घेतलं.

गडहिंग्लजला हत्तरकींचा मुलगा फोनवर भेटला. "ते मशीन होय? सारखं बंद पडायचं. बहीण होती तोवर ती लावायची. ती गेल्यावर मला दुकान सोडून कुठलं जमतंय? कपाटात ठेवलं. शेवटी शेवटी अप्पा नुसते दाराकडं बघत पडायचे." त्यानं बहिणीचा पत्ता दिला. ती निपाणीला असायची.

शेजारच्या सुनंदाकाकूंना दिवसभर अण्णांपाशी बसवून पद्मजा कोल्हापूरवरून निपाणीला गेली. महानंदा पन्नाशीची बाई होती, घरी ब्लाउज शिवायची. मशीनवरचं कापड बाजूला सारून तिनं पाणी दिलं आणि पद्मजाचं सगळं बोलणं मध्ये न बोलता ऐकलं.

"म्हणजे ते 'घरी जा' माझ्या बापाचं नव्हतं," शेवटी ती म्हणाली.

"नाही. माझ्या वडिलांचं होतं."

"चार महिने मी नवरा-मुलं सोडून तिथं होते. अप्पांनी मला लहानपणापास्नं कधी गोड बोललेलं नाही. भावाचंच सगळं. तरी मी गेले. आणि त्या दिवशी ते असं बोलले. पाच वाजताची गाडी धरून आले मी. दारात मागं वळून बघितलं सुद्धा नाही." ती मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. "नंतर भाऊ दोनदा म्हणाला, ये. मी म्हटलं, त्यांनीच जा म्हटलंय. थेट मातीला गेले."

पद्मजानं कागद पुढं केला.

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही. वाचा तुम्ही."

पद्मजानं वाचलं. आधी ते एक वाक्य, मग खालच्या ओळी, सगळ्या. महानंदा खाली बघत होती.

"हे तुमच्याकडं कुठल्या आवाजात बोललं?"

"माझ्या वडिलांच्या."

"पुन्हा एकदा वाचा. पहिलं तेवढंच."

पद्मजानं पुन्हा वाचलं. महानंदानं कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि कापडांच्या खाली ठेवला.

"माझ्या बापाचं बोलणं तुम्ही पाच महिने जवळ ठेवलंत," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, पण पद्मजाला तिच्याकडं बघवलं नाही. मग महानंदानंच विचारलं, "तुमचे वडील आहेत अजून?"

"आहेत."

"त्यांना विचारलंत?"

"नाही."

"विचारा," महानंदा म्हणाली आणि दारापर्यंत पोचवायला आली.

त्यानंतरचे तीन दिवस पद्मजानं नेहमीची कामं केली. आता यंत्र एकदाही बंद पडत नव्हतं. सकाळी जुळणी केली की संध्याकाळपर्यंत चालायचं. अण्णा मागतील ते मिळत होतं. चौथ्या दिवशी, दुपारचं भरवून झाल्यावर, ती खुर्ची ओढून खाटेपाशी बसली.

"अण्णा, ऑक्टोबरात डबी म्हणाली होती, पोरी, चुकलं माझं. आठवतंय?"

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. डबी बोलली, "हो."

"ते तुम्ही बोलला नव्हतात."

"नाही."

"दुसऱ्याच कुणाचं होतं. गडहिंग्लजच्या एका माणसाचं. ते गेले. तुमच्याच आवाजात ते तुम्ही ऐकलंत. मी रडत होते, तेही बघितलंत. मग 'ते मी नाही' असं का म्हणाला नाहीत?"

डबीतून एकच शब्द आला.

"राहिलीस."

पद्मजानं मान हलवली. ती राहावी म्हणून ते गप्प राहिले, हे तिला निपाणीहून परतताना गाडीत बसल्या बसल्या कळून चुकलं होतं. पाच महिने ती ज्याच्या आधारानं या खोलीत वावरत होती, ते तिच्यासाठी नव्हतंच. आणि जो ऐकत होता त्याला ते पहिल्या क्षणापासून माहीत होतं.

"तुम्ही स्वतः जे बोललात तेही कळलं मला. तू तुझ्या घरी जा. इथं थांबू नकोस." तिनं साडीच्या पदराशी चाळा केला. "ते रागानं म्हणालात, अण्णा? की माझं तिकडं घर आहे, म्हणून म्हणालात?"

अण्णांचे डोळे तिच्यावरून हलले आणि समोरच्या भिंतीवर गेले.

"काहीही असलं तरी चालेल मला," ती म्हणाली. "राग असला तर राग सांगा. मी तरीही रविवारपर्यंत सगळी सोय लावूनच जाईन. तेवढं एक सांगा."

डबी गप्प होती. बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. पद्मजानं वाट बघितली. मग, इतक्या महिन्यांच्या सवयीनं, तिचा हात डबीकडं गेला. पुन्हा जुळणी करावी लागणार असं तिच्या मनात आलं. पडद्यावर ती अक्षरं नव्हती. तिनं फोन काढून सर्व्हर उघडला आणि यंत्र सतराची नोंद बघितली. लॉगिन सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. सेशन चालू. जुळणी उत्तम. एकही खंड नाही. पलीकडून येण्यासारखं काही असतं तर ते आलं असतं.

तिनं फोन बाजूला ठेवला. अण्णा भिंतीकडंच बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की नुसती दुपारची चिकट ओल, ते तिला सांगता आलं नसतं.

चार वाजले. कूस बदलायची वेळ झाली होती. पद्मजा उठली, एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि त्यांना आपल्या बाजूला वळवून घेतलं.